चंद्राबाईच्या बोटांना लागलेलं हाड

वडगावच्या चंद्राबाईला पाय कळायचे. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबणाऱ्या विणकरांचे घोटे धरत, मुरगळत. ती तेल लावून, कळ नेमकी कुठली ते बोटांनी शोधून पाय जाग्यावर आणायची. विद्या सासूची. पण कातडीखाली असतं तरी काय, हा प्रश्न सासूला कधी पडला नव्हता. चंद्राबाईला मात्र चैन पडेना. ती खाटकाकडून बकऱ्याचे पाय आणायची, उकडून हाडं सुटी करायची आणि पुन्हा जुळवत बसायची.

१९३८च्या उन्हाळ्यात शेजारच्या खासबाग वस्तीतला विणकर तम्मण्णा लंगडत आला.

"आक्का, तीन म्हैन्यामागं पाय मुरगळला. दोघांकडनं वडून घेतला, सूज काय उतरत न्हाय."

तिनं पाय मांडीवर घेतला. मुरगळल्याची सूज मऊ असते, सांध्याभोवती पसरते. ही घोट्याच्या वर, नडगीच्या टोकाला, एकाच जागी होती. तिनं अंगठ्यानं हलकेच दाबलं. हाड कुरकुरलं, अंड्याचं कवच दाबल्यागत.

"ह्ये मुरगळणं न्हवं. कुणाला वडू दिऊ नगंस, मोडंल."

"मग काय हाय?"

"त्येच मला बी बघायचंय. चल."

टांग्यानं ती त्याला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर आधी तिचं ऐकून हसले. मग तिनं दाखवलेल्या जागी त्यांनी बोट दाबलं, तर हाड कुरकुरलं. एक्स-रे काढून त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. नडगीचं टोक फुगून पोकळ झालं होतं.

"गाठ आहे. ही बहुतेक पसरत नाही. खरवडून काढू, आणि कमरेच्या हाडाचे तुकडे आत भरू."

तम्मण्णानं पाय जवळ ओढून घेतला. चंद्राबाई फिल्मला नाक लावून उभी होती.

"घोट्याखाली सात हाडं दिसत्यात, डागतर. बकऱ्याची पाचच भरत्यात. आसं का?"

डॉक्टरांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. सांगतो."

तम्मण्णा चार महिने प्लास्टरमध्ये होता. घोटा जरा ताठच राहिला, पण माग पुन्हा चालू झाला. डॉक्टर मात्र अवघड पाय आला की चंद्राबाईला निरोप धाडू लागले. एकदा तिनं विचारलं, "ही गाठ हाडात मुळात कशापायी उगवती?"

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही, बाई."

चंद्राबाई थक्क झाली. आठवडाभर ती वडगावात भेटेल त्याला सांगत होती, "आरं, त्यास्नी बी ठावं न्हाय!"