कुन्सुलूने नाव घेतलं

माझी धाकटी सून कुन्सुलू चिडली तरी भांडी आपटत नाही. चहाची वाटी काठोकाठ भरते. आमच्या कॅस्पियनच्या काठावर पाहुण्याला घोट-घोट ओतायचा असतो, पुन्हा पुन्हा. भरून दिला म्हणजे प्या आणि चालते व्हा.

तिचं काम मला उमगलं तेवढं सांगते. समुद्रातली जनावरं वाचवणाऱ्या एका संस्थेने पाण्यात कॅमेरे सोडलेत. त्यांची चित्रं हिच्या संगणकावर येतात. कुन्सुलू एकेका सीलभोवती, म्हणजे त्या ठिपकेदार पाणजनावराभोवती, चौकोन काढते आणि ती सील कोणती त्याचं नाव लिहिते. त्यावरून यंत्र शिकतं आणि पुढे अंगावरच्या ठिपक्यांवरून आपलं आपण ओळखतं. घरात नातवंडांची झाली नसतील एवढी बारशी हिने पाण्यात केली!

त्या सकाळी ती किंचाळली म्हणून मी धावले. चित्रात जाळं, जाळ्यात गुदमरून मेलेली सील. खाली यंत्राने लिहिलं होतं, 'चांदणी'. पिल्लू होती तेव्हापासून कुन्सुलू तिला बघत होती. आणि जाळ्याच्या बोयावर आमच्या घराण्याची खूण! आमच्या उंटांच्या मांडीवर डागतो तीच. बंदी असलेला स्टर्जन मासा चोरून धरायचं जाळं, आणि बोया कोणी पळवू नये म्हणून त्यावर खानदानाचा शिक्का. एवढी अक्कल माझ्या थोरल्या पोरालाच.

संस्थेच्या बाईंचा फोन आला. "जाळं कोणाचं ते ठाऊक असेल तर लिही. नाहीतर 'मालक माहीत नाही' लिहून सोडून देऊ."

मीच थोरल्याला बोलावून घेतलं. त्याने चित्र पाहिलं नि म्हणाला, "माहीत नाही म्हणून टाक. माझी होडी जप्त होईल."

"ही चांदणी आहे, मिर्झा-आगा," कुन्सुलू म्हणाली. आमच्यात सून थोरल्या दिराचं नाव तोंडातून काढत नाही, टोपणनाव ठेवते. लग्न होऊन आली तेव्हा हिने ठेवलं मिर्झा-आगा, म्हणजे दिलदार सरदार.

"मासे खाणारं जनावर मेलं, त्याचं सुतक कसलं?" तो वाटी पुढे करत हसला. "आणि नाव लिहिशील कशी गं? या घरची सून ना तू? लिही 'मिर्झा-आगा'. बसतील शोधत!"

हसायला नको होतं त्याने.

कुन्सुलूचे ओठ पांढरे पडले. "थोरल्यांचं नाव घ्यायचं नसतं," ती म्हणाली. "थोरल्यांचं." मग शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं ओरडली, "ओरिनबेक!" आणि एकेक अक्षर दाणदाण आपटत लिहिलं, बापाच्या नावासकट.

थोरला माझ्याकडे वळला. "आई, ऐकलंस? सुनेने माझं नाव घेतलं!"

"ऐकलं," मी म्हटलं. "मीच ठेवलंय ते. चांगलं होतं रे, तूच घाण केलंस."

कुन्सुलू पुन्हा संगणकाकडे वळली, म्हणून चहाची किटली मी उचलली. पोटच्या पोराची वाटी काठोकाठ भरली.