नऊ नंबरची वायर

आमच्या चार सिलिंडरच्या गाडीला नऊ नंबरची वायर आहे.

गाडी सेकंडहँड. चढ आला की खोकायची. त्या रविवारी संध्याकाळी पाचला सुलतान बाजारच्या मराठी मंडळात माझं भाषण होतं, 'घरोघरी मराठी अंक'. (तीन वर्षं मागे लागून मिळालेली दहा मिनिटं! उशीर झाला की ती जोशीबाईंच्या योगासनांना जाणार.) वाटेत दगा नको म्हणून प्लग आणि वायरी बदलायला घेतल्या.

"अहो, खाजाभाईंना बोलवा की!" बायको म्हणाली. खाजाभाई म्हणजे आमच्या तारनाक्याच्या कोपऱ्यावरचे मेकॅनिक.

"चार प्लगांना मेकॅनिक कशाला? घरात इंजिनिअर वाढतोय!"

म्हणजे आमचा ओंकार. मेकॅनिकल, तिसरं वर्ष. (मोबाईलमधून मान वर काढली की हुशार दिसतो.)

प्लग मी बसवले. नव्या वायरींवर पट्ट्या चिकटवून १, २, ३, ४ असे आकडे घातले, अर्थात मराठीत! (भाषण द्यायचं मराठीचं आणि घरी इंग्रजी? छे!) तेवढ्यात कंबरेत अशी चमक भरली की सरळ होता येईना. मग खुर्चीतूनच हुकूम सोडला, "इंजिनावर कंपनीचे आकडे आहेत. वायरीवरचा आकडा बघ आणि लाव!"

"लावल्या," पाच मिनिटांत ओंकार म्हणाला. माझा ऊर भरून आला.

सव्वाचारला बायको नवी साडी नेसून, माझं भाषण हातात धरून गाडीपाशी उभी राहिली. मी किल्ली फिरवली. गाडी थरथरली, शिंकली आणि फाट्! बायको किंचाळली. भाषणाची चारही पानं रस्ताभर!

"ओंकार, पानं गोळा कर! नंबरवार लाव!" असं ओरडत मी खाजाभाईंना फोन केला.

ते आले. बॉनेट उघडून त्यांनी कपाळाला हात लावला.

"क्या साब! एक का वायर चार पे, चार का एक पे! कौन लगाए?"

"त्यावर एक नव्हताच, बाबा," ओंकार म्हणाला. "दोन आणि तीन बरोबर लावले. उरले आठ आणि नऊ. लहान आधी, म्हणून आठ पहिल्यावर!"

"अरे गाढवा, तो नऊ नाही, मराठीतला एक आहे! आणि आठ म्हणजे चार!"

"हौ, एकीच है ना," खाजाभाई पट्टी वाचत म्हणाले. "मेरे उस्ताद नांदेड के थे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! मराठी अंक खाजाभाईंकडे कधीच पोचले होते. राहिलं होतं ते फक्त माझं घर.

त्यांनी वायरी बदलल्या, आम्ही गाडी हाणली. पोचलो तर स्टेजवर जोशीबाई सतरंजी अंथरताहेत! मी ओंकारच्या हातातली पानं ओढली, धापा टाकत माइक धरला आणि वाचत सुटलो. सुरुवात जरा मधूनच वाटली. पण थांबतो तर सतरंजी होतीच. ठणकावून समारोप केला, आभार मानले, तर खाली आणखी एक पान! कोपऱ्यात ओंकारचा तो नऊ. थांबायचं भान कुणाला? तेही वाचलं:

"नमस्कार मंडळी! मुलांना मराठी अंक कसे शिकवावेत, हे आज मी स्वतःच्या घरच्या अनुभवावरून सांगणार आहे."