दोनलाच बसलेली मूठ

मरणं हाच रेड्याचा धंदा. अंगाने दांडगा, म्हणून सगळे त्याला रेडाच म्हणायचे. जुन्या लढायांचा सिनेमा निघाला की याला बोलावणं ठरलेलं. छातीत भाला घ्या, बुरुजावरून कोसळा! एकाच सिनेमात गडी सात वेळा मेला, दर वेळी दाढी बदलून.

पण एक खोट होती. खोटा मार चुकून खरा लागला की याचं डोकं फिरायचं. लहानपणी बापाने पट्ट्याने फोडून काढलेला. फटका बसला की हात आपसूक उठायचा. एका सेनापतीचं नाक फोडलं, एका राजपुत्राच्या दोन फासळ्या मोडल्या. शेवटी मारामारी बसवणाऱ्या मास्तरने बजावलं, "रेड्या, आज नायकाला तुझं बोट जरी लागलं, तर या धंद्यातून कायमचा मेलास. मग दाढी बदलूनही उपयोग नाही!"

किल्ल्याच्या पायऱ्यांवर लढाई जुंपली. तलवारी पत्र्याच्या, पण मुठी पितळी. रीत अशी, की मार खाणाऱ्याने पुटपुटत मोजायचं. तीनला समोरच्याने तलवारीची मूठ तोंडाजवळून फिरवायची आणि याने मान मागे टाकायची.

"एक," रेडा पुटपुटला. "दोन..."

नायक पडला उतावळा! दोनलाच मूठ थोबाडावर. दात तुटला, ओठ फाटला, रक्त चिलखतावर ओघळलं. रेड्याच्या डोळ्यांपुढे पट्टा नाचला. त्याची घणासारखी वळलेली मूठ उठली, नायकाच्या नाकापासून वीतभर आली. आणि नायकाने डोळे गच्च मिटून कोपर तोंडावर घेतलं.

ते कोपर रेड्याने ओळखलं. लहानपणी बापापुढे तो स्वतः असाच भिंतीला चिकटून उभा राहायचा.

मूठ तिथेच थांबली. "तीन," म्हणत त्याने अंग मागे झोकलं आणि अकरा पायऱ्या गडगडत खाली आला.

मास्तर धावला. "खरंच लागलं की रे! मग हात?"

"उठला होता. आवरला." रेड्याने दात मास्तरच्या तळहातावर ठेवला.

तेवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "पडणं झकास! पण हात मध्येच का थबकला? पटत नाही. पुन्हा घेऊ!"

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. रेड्याने मात्र रक्ताची गुळणी टाकली आणि पायऱ्या चढायला लागला. वर नायक पांढराफटक उभा होता.

"घाबरू नका साहेब," रेडा म्हणाला, "या वेळी जरा मोठ्याने मोजतो."