विमानतळावरची तर्री

गाडी चुकलेले लोक तुम्ही ढीगभर पाहिले असतील. मी विमान घालवलंय. आणि धावतपळत उशिरा पोचले म्हणून नाही, विमानापासून हाकेच्या अंतरावर उभी होते, हातात पळी घेऊन. आधीच हसू नका. चहा निवतोय तो प्या, सगळं सांगते.

माझा धाकटा भाऊ तेव्हा अंदमानात, पोर्ट ब्लेअरला नोकरीला होता. त्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही दोघं गेलो होतो. हे नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात होते, जन्मात एकदा तरी विमानात बसायचंच म्हणून यांनी हौसेने विमानाची तिकिटं काढली होती.

बारसं झोकात झालं, पण माझा जीव नागपुरात अडकलेला. रविवारी आमच्या थोरलीला बघायला अमरावतीचे पाहुणे येणार होते. मुलगा इंजिनिअर, घर खातंपितं. याआधी तीन ठिकाणांहून नकार आले होते, आणि तेही मी स्वतः समोर बसून बोलले असताना. म्हणून या वेळी आणखी जातीने लक्ष घालायचं, असं मी ठरवलं होतं. गुरुवारच्या विमानाने कलकत्ता, तिथून रेल्वे, शनिवारी घर. हे विमान चुकलं तर पुढचं थेट रविवारी.

गुरुवारी विमानतळावर पोचलो, तर धो धो पाऊस. आणि विमानतळ तरी केवढा? आमच्याकडच्या बसस्टँडला रंग दिला तर तेवढा होईल. बाकांच्या दोन रांगा, एक काउंटर, एक कँटीन. कलकत्त्याहून विमानच आलेलं नव्हतं. सामान दिलं, पास घेतले. हे बाकावर टेकले आणि झोपले. यांना कुठंही झोप येते, आमच्या लग्नात अंतरपाटामागे उभ्या उभ्या पेंगले होते.

मी किती वेळ बसणार? हॉलला चकरा मारल्या. कोणाला किती मुलं, कोणाची सून कशी, सगळं विचारून झालं. तरी विमान येईना. मग कँटीनमध्ये डोकावले.

तिथं एकटा बंगाली दादा, नुसता चहा विकत बसलेला. पावसामुळे आचारी आला नव्हता. लोक भुकेने कावलेले, लेकरं रडतायत. दादाकडे उकडलेले चणे होते, कांदे होते, स्टोव्ह होता. आणि माझ्या पिशवीत पोहे आणि घरचं तिखट. तिकडं काय मिळतं, काय नाही, म्हणून मी नागपूरहून पोतंभर नेलं होतं आणि भावजयीने ते उरलेलं फार प्रेमानं परत बांधून दिलं होतं.

मी पदर खोचला. म्हटलं, "दादा, जरा सरको."

पोह्यांवर ओतायची चण्याच्या रश्श्याची अशी तर्री झाली म्हणून सांगू, नागपुरात महालातल्या एकाही टपरीवर मिळाली नसती. वर लाल तवंग. पहिला घास घेतलेल्या मद्रासी साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी दुसरी प्लेट मागितली. मग जी रांग लागली! मध्येच घुसणाऱ्या एका मिशीवाल्या साहेबाला मी मागे पाठवलं, आणि तो गेलासुद्धा. घरी माझं कुत्रं ऐकत नाही, इथं अख्खा विमानतळ ऐकत होता.

तेवढ्यात पाऊस थांबला, विमान उतरलं. थोड्या वेळाने पुकारा झाला. हे डोळे चोळत आले.

"चाल वं, बोलावून राहिले."

"तुम्ही व्हा पुढं. मी एवढं वाढून येतोच."

"विमान सुटन ना."

"कसं सुटन? थो पहा, चालवणारा इथंच पोहे खाऊन राहिला."

खरंच कोपऱ्यात एक तरणाताठा वैमानिक बसला होता. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, समोर तिसरी प्लेट. यांना पटलं. हे पुढे गेले, आपल्या जागेवर बसले आणि अर्थातच झोपले.

मी त्या पोराला आग्रह करत होते. "और लो बेटा, तुम्हारे बगैर विमान जाता क्या?" तो नुसती मान हलवायचा. तिखटाने बिचाऱ्याची वाचा गेली होती.

इतक्यात विमानतळाचा एक माणूस धावत आला. "कलकत्ता का कोई पैसेंजर रह गया क्या?"

मी मालकिणीच्या तोऱ्यात कँटीनभर नजर फिरवली. दादा भांडी घासत होता, वैमानिक खात होता. बाकी कोणी नव्हतं.

"कोई नहीं, सब गए," मी सांगितलं. "आपने कुछ खाया क्या?"

त्याच्याही हातात प्लेट दिली. तो खात खात बाहेर गेला आणि त्याने विमानाची शिडी काढायला लावली.

मग घरघर ऐकू आली. खिडकीतून बघते, तर विमान पळायला लागलेलं.

"अरे, तुम्हारा विमान!" मी वैमानिकाला हलवलं.

तो गटागटा पाणी प्यायला. "मेरा नहीं, आंटीजी. मेरा तो वो छोटावाला है. कल जाएगा."

मी मटकन खाली बसले आणि रडले हो, खरंच रडले. पोरीचं कसं होणार? यांना तर पाहुण्यांसमोर धड चार वाक्यं बोलता येत नाहीत.

भावाकडून कोराडीला शेजाऱ्यांच्या फोनवर ट्रंककॉल लावला. मी येईपर्यंत पाहुण्यांना थोपवा, असा निरोप दिला. निरोप यांना मिळाला. यांनी पाहुण्यांना थोपवलं नाही.

मी घरी पोचले तर हातावर पेढा. पसंती! आता सांगा, विमान गेलं त्याचं कशाला दुःख करायचं? मी अख्ख्या कॉलनीत मिरवत पेढे वाटले. विहीणबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काय आवडलं जी तुम्हाले आमच्यातलं?"

"पोरगी तर गुणाची हायेच," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू काय, आम्हाले तुमचं घर आवडलं. कोणी फालतू बोलत नाही. किती शांत."

हे खिडकीबाहेर बघत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न लागेपर्यंत मिटलेलंच ठेवलं, विचारा कोणालाही.

पुढे धाकटीचं बघायला लागलो. पहिले पाहुणे ठरले त्या संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले आणि फार मायेनं म्हणाले, "काय वं, भावाची आठवण येत असन तुले. जाऊन येतं काय आठ दिवस अंदमानले?"