मुद्रणप्रतीतली पंचमी

प्रकाशकाकडे पाठवायची प्रत कागदाच्या एकाच बाजूला लिहावी लागे. डावीकडे दोन बोटे समास, ओळींत पुरेसे अंतर, प्रत्येक पानावर क्रमांक, खाडाखोड नाही. मुंबईच्या एका दैनिकात अकरा वर्षे दुसऱ्यांच्या मजकुराला शिस्त लावण्यात गेल्यामुळे हे नियम मला पाठ होते. ते स्वतःच्या तीनशे चाळीस पानांना लावायचे म्हणजे काय, हे प्रकृतीमुळे नोकरी सोडून मालवणच्या किनाऱ्यावर, आमच्या वाडीत परतल्यावर कळले. साल साठच्या अलीकडे-पलीकडे असेल.

मराठी टंकलेखन यंत्र तालुक्याच्या कचेरीत होते, ते आमच्या उपयोगाचे नव्हते. प्रत हातानेच करायची. दिवसाला आठ पाने होत. नवव्या पानाला अक्षर बिघडे, आणि बिघडलेले पान दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावे लागे. पावसाळ्यात कागद ओल धरी, शाई फुटे. मग लिहिलेली पाने चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. त्यामुळे साऱ्या प्रतीला धुराचा वास लागला होता. लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये बोलणी करणारा दलाल आमच्याकडे नव्हता. मासळीला होता.

पुस्तक किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या हकिकतींचे होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एका माणसाने सांगितलेल्या. तो वाडीतला जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणूवर बसणारा. वय सत्तरीच्या घरात. लिहिता-वाचता येत नव्हते. रोज सकाळी न्याहारी करून तो आमच्या ओट्यावर येई, विडी पेटवी आणि आदल्या दिवशीची पाने वाचून घेई. ऐकताना मध्येच म्हणे, "मुंबैकडली माणसा सुंगटासुदिक सोलून मागतत. तुजा पुस्तकय सोलून मागतले, बघ." सुंगटे म्हणजे कोळंबी.

त्याची एकच अट होती. स्वातंत्र्याच्या काही वर्षे आधी खाडीच्या तोंडावर त्याची होडी उलटली आणि वल्ह्यावरचा एक गडी बुडाला. ओहोटी असताना त्याने होडी आत घातली, असे वाडी तेव्हापासून म्हणत आली होती. वाळूच्या दांड्यावर कमी पाण्यात लाट फुटते, भरती येईपर्यंत बाहेर थांबायचे असते, हे इथल्या पोरांनाही माहीत असते. तांडेलाचे म्हणणे वेगळे होते. सकाळची नऊ-साडेनवाची वेळ, पाणी पूर्ण भरलेले, शिडाची दोरी तुटली आणि होडी आडवी झाली. हे त्याच्या शब्दांत छापून यावे, एवढ्यासाठी त्याने चार वर्षे बाकी सगळे सांगितले होते.

"माजा नाव पुसून टाक होया तर," तो म्हणाला होता, "पण भरती होती ह्या छापून येवक होया."

त्या होडीवर आणखी दोघे होते. एक वारला होता, एक मुंबईला गोदीत गेला तो परतला नव्हता. बातमीला दुसरी बाजू हवी, हे मला माहीत होते. मी ती शोधली नाही. फक्त दिवस नक्की असावा म्हणून बुडालेल्या गड्याच्या बायकोला विचारले. ती मासळी विकायला डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारावरून जाई. इंग्रजी तारीख तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. तिने तिथी सांगितली, कार्तिक शुद्ध पंचमी. दर वर्षी त्याच तिथीला ती नवऱ्याचे श्राद्ध घालत होती. मी पंचमी लिहून घेतली आणि स्वच्छ प्रत करताना प्रकरणाच्या पहिल्या ओळीत घातली.

ते पान वाचून दाखवले तेव्हा तांडेलाने हात वर करून मला थांबवले. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवू लागला. तिथीला पाऊण तास धरून भरतीची वेळ काढतात. हा हिशेब किनाऱ्यावर घड्याळाच्या आधीपासून चालत आला आहे. पाचव्या पेरावर अंगठा थांबला. त्याच्याकडे बघत मीही मोजले. पाच पाऊण, पावणेचार. पंचमीला भरती पहाटे पावणेचारला, म्हणजे सहा तासांनी, सकाळी पावणेदहाला ओहोटी पुरी. साडेनवाला खाडीच्या तोंडावर पाणी नव्हते.

"तिथी कित्याक घातलंस?" त्याने विचारले.

"दिवस नको का, काका?"

"दिवस कोण इचारता? मुंबैक तिथी कोणाक कळतली?"

"मुंबईला नाही कळणार. इथे कळेल."

"बारस लिव मगे. बारशीक नव वाजता पाणी पुरा भरलेला आसता."

"ती दर वर्षी पंचमीला पान वाढते."

त्याने विझलेली विडी पुन्हा पेटवली. नंतर म्हणाला, "काडून टाक. नुसता, त्या दिशी, असा लिव."

इथे सांगायला हवे की मी तसे लिहिले. त्याच्याबद्दल कणव वाटली म्हणून नाही. दोनशे अठरा पाने लिहून झाली होती, मनगट सुजले होते आणि त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा एक शब्द बदलणे सोपे होते. दैनिकात असताना एखाद्या बातमीदाराने असे केले असते तर मी त्याचा मजकूर त्याच्या अंगावर फेकला असता.

प्रत पुरी झाली. ती मेणकापडात गुंडाळली, सुतळीने बांधली, गाठींवर लाख लावली. परतीच्या टपालाची तिकिटे पाकिटात घातली. ती घालताना आपणच नकाराची सोय करून देतो आहोत, असे वाटे. पोस्टात रजिस्टर केली. साडेपाच महिन्यांनी ती परत आली. सोबत छापील चिठ्ठी होती, तिच्यात फक्त माझे नाव हाताने लिहिलेले. दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवली. त्याने आठ महिने ठेवली आणि चिठ्ठीशिवाय परत केली. पोस्टमास्तर बाड पुढे सरकवीत म्हणाले, "तुमचो जावय परत इलो. मान नीट राखूक नाय वाटता सासरवाडीन."

परत आलेल्या प्रतीची पहिली दहा-बारा पाने नेहमी खराब होत. कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ. पुढची पाने कोरी करकरीत, यावरून कुठपर्यंत वाचले ते कळे. तशीच प्रत पुढच्या प्रकाशकाकडे पाठवली तर हे बाड फिरून आले आहे हे त्याला दिसते. म्हणून ती दहा-बारा पाने दर वेळी नव्याने लिहायची. मी दुसऱ्यांदा ते करीत होतो तेव्हा तांडेल आला. आता त्याला चालताना दम लागत होता.

"होडयेचा वाच," तो म्हणाला.

ते पान खराब झाले नव्हते, ते कोणी उघडलेच नव्हते. तरी मी वाचले. त्या दिवशी सकाळी नऊ-साडेनवाच्या सुमारास, भरती पूर्ण असताना. त्याने पुढे ऐकले नाही.

"खंयच्या दिशी?"

"तुम्हीच काढायला सांगितलंत."

"सांगलंय खरा," तो म्हणाला. "चवदा म्हयने तुजा बाड मुंबैक पडला होता. दर दिसा उठलंय की माका वाटा, आज कोणतरी वाचतलो, भरती होती म्हणतलो. ता लबाड आसा रे झिला. सुकती होती, पाणी नव्हता. भायर दुसरी माणसा पाण्याची वाट बघीत रवली होती. माका तेंच्या आधी बंदराक लागाचा होता. तो वल्ह्यावरसून माका म्हणालो, तांडेला, थांबया. मी म्हटलंय, भियतंस तर उडी मार."

मी पेन घेतले. तो थांबत थांबत सांगत होता आणि मी बातमी घेतल्यासारखे घेत होतो. वेळ, पाणी, वारा, कोण कुठे बसले होते. शिडाची दोरी तुटली नव्हती. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मुंबैक धाडूच्या आधी तिका वाचून दाखय. मी वांगडा येतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बुडालेल्या गड्याच्या बायकोच्या अंगणात गेलो. ती चटईवर बांगडे वाळत घालीत होती. आम्हा दोघांना एकत्र पाहून तिने हात पुसले आणि तांडेलासाठी पाट आणून ठेवला. तो पाटावर न बसता उभाच राहिला. मी वाचायला लागलो. कार्तिक शुद्ध पंचमी, सकाळचे साडेनऊ, ओहोटी. 'भियतंस तर उडी मार' हे वाचताना तिने मान वळवली आणि बांगड्यांकडे येणाऱ्या कावळ्याला हाकलले. वाचून संपल्यावर मी पाने खाली ठेवली.

"वैनी," तांडेल म्हणाला, "आता काय ता बोल माका."

"बोलू काय?" ती म्हणाली. "पंचमेक साडेनवाक पाणी खंय आसता, ता माका ह्या पुस्तकात्सून कळूचा होता? इतकी वर्सां पान वाडतंय मी. तो थांबया म्हणालो, ता मात्र माका ठावक नव्हता."

"होय, तो म्हणालो होतो," तांडेल म्हणाला.

"माका वाटा, तो गप बसलो आसतलो. तो गप बसणारो." मग ती माझ्याकडे वळली. "थांबया म्हणालो ता काडू नको हां. बाकी छापतले तर छापूंदेत."

तांडेल जायला निघाला. तो अंगणाच्या कडेला पोचल्यावर ती मागून म्हणाली, "तांडेलांनू, औंदा पंचमेक जेवूक येवा. दुसऱ्यांका आवताण करतंय, तुमकाच तेवडा करूक नव्हतंय."

त्याने मागे न बघता मान हलवली.

नव्या मजकुरामुळे ते प्रकरण दीड पानाने वाढले. पुढचे सगळे क्रमांक चुकले. क्रमांकाच्या पुढे अ, ब लावून भागले असते, पण वाचणाऱ्याला तो बदल ठिगळासारखा दिसला असता. मी दोनशे अठरापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिले. सोळा दिवस लागले. मग मेणकापड, सुतळी, लाख, परतीची तिकिटे आणि पोस्ट.

त्या वर्षी कार्तिकातल्या पंचमीला तांडेल तिच्याकडे जेवला. मी तिथे नव्हतो. मला दुसऱ्यांकडून कळले. त्यानंतर सकाळी ओट्यावर येणे त्याने बंद केले. रस्त्यात भेटला तर तब्येतीची चौकशी करी, कोणत्या जाळ्यात काय लागले ते सांगे. बाड तिसऱ्या प्रकाशकाकडून माघ महिन्यात परत आले, तेव्हा मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन सांगितले. तो जाळे शिवीत होता. "बरा," म्हणाला, आणि सुईत दोरा ओवून देशील का, असे विचारले.