रेकॉर्डिंगला विचारता येत न्हाय

सकाळी सव्वासहाला तात्या पायरीवर बसून नखं साफ करत. रॉकेलात बुडवलेली चिंधी, आगपेटीतली एक काडी आणि दहा बोटं. यंत्रमागाचं तेल साबणाने जात नाही, नखाच्या कडेला काळी रेघ धरून राहतं. तसल्या बोटाने फोन उघडायला गेलं तर फोन बोट ओळखत नाही. म्हणून आधी डावा हात, मग उजवा, मग दोन्ही हात उजेडाकडे धरून एकदा पाहणं. काकी म्हणत, नवरीसुद्धा एवढी नखं बघत नसेल. तात्या ऐकून घेत, कानात इअरफोन घालत आणि साडेसहा ते आठच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला बसत.

आकाराम चौगुले, माझे चुलते. वय सेहेचाळीस. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग अडला की तो जुळवून देणारा माणूस. अठ्ठेचाळीस माग त्यांच्या हातावर चालतात. घर कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे मांडणीतले पेले दिवसरात्र बारीक थरथरत असतात. तिथे सुट्टीला राहायला गेलं की पहिला दिवस डोकं दुखतं. दुसऱ्या दिवशी आपणही मोठ्याने बोलू लागतो.

तात्या सत्त्याण्णव साली बारावीला विज्ञान शाखेत नापास झाले. विषय एकच, भौतिकशास्त्र. दोन वर्षं ते शेवटच्या बाकावर बसले आणि दोन वर्षांत एकदाही त्यांनी हात वर केला नाही. समजलं नाही असं म्हणायची लाज वाटायची, ते सांगत. निकालानंतर आजोबांनी त्यांना मागावर उभं केलं आणि पुढे कुणी तो विषय काढला नाही.

तो निघाला राजवर्धनमुळे. राजवर्धन म्हणजे मालकांचा मुलगा, वस्त्रोद्योगाचं शिकून नुकताच परतलेला. दिवाळीनंतर जुने माग भंगारात जाणार आणि आडवा धागा धोट्याऐवजी हवेच्या झोताने नेणारे नवे माग येणार, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ते सांभाळायला सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाला बारावी भौतिकशास्त्रासह पास असण्याची अट. तात्यांना बाजूला घेऊन तो म्हणाला, तुम्ही काळजी करू नका, तुम्हाला गेटवर बसवतो, पगार आहे तोच राहील. तो मनापासून बोलला होता. तात्यांना तेच झोंबलं. अठ्ठेचाळीस मागांची नाडी ओळखणारा माणूस गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहिणार होता.

मुक्त विद्यालयाचा अर्ज मी भरून दिला. ऑक्टोबरची परीक्षा ठरली. पण तात्यांना नुसतं पुस्तक नको होतं, वर्ग हवा होता. या वेळी विचारल्याशिवाय राहायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. म्हणून ऑनलाइन वर्ग शोधला, रोज सकाळी थेट चालणारा. त्याच्या अर्जात जन्मसालाची यादी होती आणि ती दोन हजार पाचच्या मागे जात नव्हती. मी म्हटलं, पाच टाकू या, कोण बघतंय.

"आणि मदली सव्वीस वर्सं कुणाला देऊन टाकू?" तात्या म्हणाले.

त्यांनी त्या कंपनीच्या ऑफिसला चार वेळा फोन केला. चौथ्या दिवशी यादी एकोणऐंशीपर्यंत खाली आली.

वर्गात एकशे ऐंशी मुलं. शिकवायला मोहित सर, वय फार तर सत्तावीस, समोरच्याला कळेपर्यंत तीन तीन पद्धतींनी सांगणारे. वर्गाचा एक नियम होता. सर नाव घेऊन विचारतील तेव्हा माइक उघडून उत्तर द्यायचं. तीनदा उत्तर आलं नाही, तर त्या विद्यार्थ्याला थेट वर्गातून काढून रेकॉर्डिंगच्या तुकडीत टाकणार. तिथे धडे तेच, फक्त विचारायची सोय नाही.

तात्यांची अडचण भिंतीपलीकडे चालू होती. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा माइक उघडायचा धीर झाला नाही. एका बोटाने उत्तर टाइप करेपर्यंत सर पुढे गेले होते. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांनी माइक उघडला.

एकशे ऐंशी जणांच्या कानांत अठ्ठेचाळीस माग एकदम घुसले. सरांनी दचकून हेडफोन काढला. मग विचारलं, प्रश्न ऐकू आला का? प्रश्न असा होता की दोरीला टांगलेला गोळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला चार दशांश सेकंद घेतो, तर त्याचा आवर्तकाल किती?

तात्यांनी ओरडून सांगितलं, चार दशांश.

सर म्हणाले, चूक. आठ दशांश. एक दोलन म्हणजे जाणं आणि परत येणं.

यावर कुठलाही विद्यार्थी बरं सर म्हणून गप्प बसला असता. तात्यांनी वाद घातला. त्यांच्या मागाचा धोटा मिनिटाला दीडशे वेळा फेकला जातो, म्हणजे एक फेक बरोबर चार दशांश सेकंदाची. धोटा या टोकाकडून त्या टोकाला गेला की कारखान्यात एक मोजतात, परत आला की दोन. आख्खं कबनूर असंच मोजतं. जाऊन येऊन एक धरलं, तर विणकराच्या हिशेबाला कापड अर्धंच भरेल.

सर हसले, पण चांगलं हसले. म्हणाले, कारखान्यात तुमचं बरोबर, पेपरात माझं. स्क्रीनवर बाजूच्या चॅटच्या खिडकीत मात्र हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, अंकल, मुलाला फोन द्या. तात्यांनी ते वाचलं, वहीत लिहिलं 'जाणे + येणे = १', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून फोन आला. अवंतिका नावाची मुलगी होती, बोलायला गोड. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि काकी आणि मी, आम्ही दोघी ऐकत बसलो. आवाजाच्या तक्रारी आल्या होत्या. काकांची सोय बघून त्यांना सोमवारपासून रेकॉर्डिंगच्या तुकडीत घेत आहोत, ती म्हणाली. तात्यांनी कारण विचारलं. तिने नियम वाचून दाखवला.

"उत्तर दिलं न्हाय तर काढणार, आसं लिवलंय न्हवं? मी दिलंय की उत्तर. चुकलं. पन दिलंय."

ती म्हणाली, हो, पण तुमच्या मागे फार आवाज आहे आणि रेकॉर्डिंगमध्ये तर अगदी तेच शिकवतात.

"रेकॉर्डिंगला विचारता येत न्हाय, ताई. न विचारता मी एकदा नापास झालोय. चुकीचं उत्तर दिलं म्हणून काडायचा नियम आसंल तर तो धाडा, मी वाचतो."

तसा नियम नव्हता. सरांशी बोलून कळवते म्हणून तिने फोन ठेवला. सोमवारच्या वर्गात आवाज झाला, तर मात्र निर्णय लागल्यासारखाच होता.

काकींनी सुचवलं, माळावरच्या देवळात जाऊन बसा, तिथे शांत असतं. तात्या म्हणाले, पोरं आपापल्या घरात बसून शिकतात, मी घर सोडून का जाऊ? मी म्हटलं, राजवर्धनला सांगून भिंतीलगतचे माग वर्गापुरते बंद ठेवता येतील. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझंच बोलणं परत घ्यावंसं वाटलं. त्या मागांवरच्या विणकरांना मीटरवर पैसे मिळतात.

रविवारी संध्याकाळी ते कारखान्यातून एक फळी घेऊन आले. प्रत्येक मागाशेजारी खिळ्याला अशी छोटी काळी फळी टांगलेली असते. आत हाक पोचत नाही, म्हणून कुठला माग कशासाठी थांबवलाय ते जॉबर तिच्यावर खडूने लिहितो आणि विणकर लांबूनच वाचतो. अठ्ठावीस वर्षं तात्या कामाचं असंच बोलत आले होते. थोडं, मोठ्या अक्षरात, एका दमात वाचता येईल असं.

सोमवारी त्यांनी माइक बंद ठेवला आणि कॅमेरा उघडला. एवढ्या चौकटींमध्ये चेहरा दिसणारी ती एकच होती. पिकलेल्या मिशा, निळा कामाचा शर्ट, मागे थरथरणारे पेले. वर्ग चालू होऊन वीस मिनिटं झाली. सरांनी त्यांचं नाव घेतलं नाही. सर सांगत होते की दोलकाचा वेग टोकाला शून्य होतो आणि त्याच क्षणी त्याच्यावरचं बल सर्वांत जास्त असतं. लिहून घ्या, पेपरात येतं. मुलं लिहून घेत होती.

तात्यांनी फळी वर धरली.

'टोकाला थांबला. थांबलेल्याला जोर कुठला?'

सर थांबले. खिडकीत कुणीतरी पुन्हा हसरा चेहरा टाकला. त्याच्याखाली एका मुलीने लिहिलं, मलापण नाही कळलं. मग दुसऱ्याने. मग ओळीने एकोणीस जणांनी. सरांनी समोरचं पुस्तक मिटलं, खिशातली किल्ली काढून दोऱ्याला बांधली आणि ती कॅमेऱ्यासमोर टांगून पुढची बारा मिनिटं त्या एका प्रश्नावर घालवली. बल हे वेगातून येत नाही, ते मधल्या जागेपासून किती लांब गेलात त्यावर ठरतं, असं त्यांनी तीन पद्धतींनी सांगितलं. शेवटी विचारलं, चौगुले, पटलं? तात्यांनी फळी पुसली आणि लिहिलं, 'निम्मं.' सरांनी चौथ्या पद्धतीने सांगितलं.

ऑफिसातून त्यानंतर फोन आला नाही. आठवड्याने नियमांच्या पानावर एक ओळ वाढली, की उत्तर किंवा प्रश्न लिहून दाखवला तरी चालेल. अंकल म्हणणं थांबलं असं नाही. मात्र अडलं की दोनचार मुलं आता लिहीत, अंकल, फळी धरा की.

परवा मी कबनूरला होते. सात वाजले असतील. वर्ग चालू होता, तात्यांच्या मांडीवर वही. दारात राजवर्धन उभा राहिला, स्वतः आला होता. पाच नंबरचा माग धोटा अडकून बसलाय आणि आज माल द्यायचाय, तो म्हणाला. एरवी तात्या अशा वेळी जेवणाच्या ताटावरूनसुद्धा उठत. काकी हात पुसत आतून बाहेर आल्या. राजवर्धनची नजर फोनवर गेली, मग फळीवर, मग परत तात्यांकडे.

तात्यांनी एका कानातला इअरफोन काढला.

"पाच नंबर बंद ठेवा," ते म्हणाले. "आठला येऊन बघतो."