काकूंना मोकळं करायचा बुधवार

त्या बुधवारी मी दुपारी तीनपासूनच खोलीत येरझाऱ्या घालत होते. चार वाजता काकू येणार होत्या आणि मी त्यांना सांगणार होते की आता तुम्हाला यायची गरज उरलेली नाही. इतकी आनंदाची बातमी पोटात ठेवून बसणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो प्यायचा राहून गेला.

मी समुपदेशक आहे. फूलबागेजवळ एका दातांच्या दवाखान्यावर माझी खोली आहे. खाली दात, वर मन. आमच्याकडे माणसं बहुतेक वेळा न सांगताच यायची थांबतात. काहींना गोळ्यांची गरज असते, त्यांना मीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. आणि मराठी कुणी आलं की आधी नातं निघतंय का ते बघावं लागतं. ग्वाल्हेरात मराठी घरं ती किती, तिसऱ्या वाक्याला कुणाची तरी मावसनणंद निघतेच. नात्यातलं माणूस आम्ही घ्यायचं नसतं, त्यामुळे नातं निघालं की आपलं काम तिथेच संपलं, हात जोडायचे आणि दुसऱ्या कुणाचा नंबर द्यायचा. पण माणूस बरं झालं म्हणून समोरासमोर बसून, नीट बोलून थांबायचं, हे भाग्य क्वचितच मिळतं.

आलेल्या माणसाला नात्याने हाक मारू नये असं आम्हाला शिकवतात. शिकवोत बापडे. माधवगंजात राहणाऱ्या, जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना मी काय मिसेस अमुक म्हणू? तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अचानक गेले आणि त्यानंतर त्यांना उंबरठा ओलांडवेना. बाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधड, हात गार, घशाला कोरड. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पहिल्या दिवशी नणंदेचा हात घट्ट धरून शेअर टेम्पोतून आल्या होत्या. काय व्हायला हवं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "एकटीने गाडीत बसून पुण्याला लेकीकडे जाता आलं की झालं." मी ते वहीच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं लिहून घेतलं.

आणि या दिवाळीला त्या गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, येताना खालच्या सीटवरून एका गृहस्थाशी भांडून, सीट मिळवून आल्या. त्या सांगत होत्या आणि मी खुर्चीत उड्या मारायची बाकी होते.

म्हणजे काम दिवाळीतच संपलं होतं. आता जानेवारी अर्धा सरला होता, आणि काकू दर बुधवारी येतच होत्या.

हे लक्षात आणून दिलं माझ्या सीनियर बाईंनी. त्या भोपाळला असतात. महिन्यातून एकदा फोनवर मी त्यांच्याशी कामाबद्दल बोलते, नावं न घेता. त्या एकदम म्हणाल्या, "काम तो दिवाली में पूरा हो गया. अब वो किसके लिए आती हैं?" मला असा राग आला म्हणून सांगू. अपने लिए, और किसके लिए, असं फटकन म्हणून मी फोन ठेवला. मग वही उघडली. एका बुधवारी लिहिलं होतं, साबुदाणा वडा तेलात फुटतो. पुढच्या बुधवारी, लिंबाच्या लोणच्याला बुरशी. त्याच्या पुढच्या बुधवारी, कुणाच्या मुंजीत जेवण कमी पडलं त्याची साग्रसंगीत हकीकत. अक्षर माझंच होतं.

लाज वाटली. आई गेल्यापासून मला "कुठे उलथली होतीस गं" असं विचारणारं कुणी राहिलं नाही. घरी लेक म्हणतो, "मम्मी, मी निकलतोय, देर होईल." नवऱ्याचं दिवसभर ऑफिस हिंदीत, तो रात्रीही हिंदीतच दमलेला असतो. आठवड्यातून एक तास घसा मोकळा करून मराठी बोलायला मिळायचं ते काकूंशी. बऱ्या झालेल्या बाईला मी माझ्या सोयीसाठी पेशंट करून ठेवलं होतं.

म्हणून ठरवलं, बास. भीती एकच होती. थांबायचं म्हटलं की कधीकधी जुनी दुखणी परत डोकं वर काढतात. काकूंना वाटलं, हिनेही हात सोडला, आणि धडधड पुन्हा सुरू झाली तर? दोन वर्षं पाण्यात, आणि काकू पुन्हा उंबरठ्याच्या आत. त्यामुळे एकदम तोडायचं नाही, पंधरा दिवसांच्या अंतराने अजून दोनदा भेटायचं, असा बेत मी केला. ते वाक्य आरशासमोर घोकूनही झालं.

चारला काकू आल्या. एका हातात हेल्मेट, अंगात जाडजूड स्वेटर. त्या टेकल्या आणि मी घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"म्हणजे आता येऊ नको?"

"दोनदा या ना. मग थांबू."

"दोनदा कशाला?"

चिडल्या, असं मला वाटलं. मग मी सगळंच ओकले. "काकू, खरं सांगू का? चूक माझी आहे. हे दिवाळीनंतर लगेच बोलायला हवं होतं. तुमच्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून मी लांबवत राहिले."

काकू तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की खालून दवाखान्यातलं कुणीतरी जिन्यात येऊन बघून गेलं.

"अहो मॅडम, मी तर तुमच्यासाठी येत होते."

"माझ्यासाठी?"

"निघताना मी 'येते' म्हणायचे. आता 'जाते' कसं म्हणणार? लहानपणी त्यापायी मार खाल्लाय मी. आणि मी 'येते' म्हटलं रे म्हटलं की तुम्ही वही उघडून लिहायचात, बुधवार, चार वाजता. एकदा लिहिलं म्हटल्यावर न येऊन कसं चालेल?"

"मग सांगायचं ना."

"तुमचा चेहरा इतका खुलायचा. म्हटलं, पोरीला बोलायला कुणी नाहीसं दिसतंय."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दोन शिकल्यासवरल्या बायका तीन महिने एकमेकींचं मन राखत बसल्या होत्या, आणि मला तर मन ओळखायचंच शिक्षण मिळालेलं होतं.

मग पुढचं बाहेर आलं. बिर्ला नगरात दहावीच्या मुलींना काकू गणित शिकवायला लागल्या होत्या, एका देवळाच्या सभामंडपात. माझ्यापाशी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. परीक्षा तोंडावर आली म्हणून मुली बुधवारही मागत होत्या, आणि या त्यांना सांगत होत्या की बुधवारी मला डॉक्टरकडे जायचं असतं. हे ऐकून मला रडू येतंय की हसू, तेच कळेना.

तरी मी माझं काम केलं. धडधड विचारली. "परवा जिन्यात पाय घसरला तेव्हा झाली," त्या म्हणाल्या, "ती कुणालाही होईल."

"आणि परत सुरू झाली तर?"

"तर फोन करीन. तुम्ही कुठे पळून चाललाय?"

त्यांनी घड्याळ बघितलं. चार वीस. आत्ता निघाले तर निम्मा तास तरी मिळेल पोरींना, असं म्हणत त्या उठल्या, हेल्मेट घेतलं, दारापर्यंत गेल्या. तिथे वळून म्हणाल्या, "ये…" आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्या हातावर होती. माझ्या हातात पेन होतं. शपथ घेऊन सांगते, ते कधी उचललं ते मला माहीत नाही.

काकूंनी क्षणभर विचार केला. "जाते" तर तोंडातून निघणार नव्हतं. मग त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, "चलती हूँ."

दोन वर्षांत त्या खोलीत काकू हिंदीत बोललेलं ते पहिलंच वाक्य.

"अच्छा," मी म्हटलं.

खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मला इतका आनंद झाला होता की हे सगळं आत्ताच्या आत्ता कुणालातरी मराठीत सांगावं असं वाटत होतं, आणि सांगण्याजोगं माणूस नुकतंच जिना उतरून गेलं होतं.